लहानपणीची सायकल, इंग्रजीतून

प्रश्न : आयेल्ट्‌सची तयारी करतोय. ‘लहानपणी तुमच्याकडे सायकल होती का?’ यावर माझं उत्तर ‘येस, आय हॅड’ इथेच संपतं. नमुना उत्तरं पाठ करू का? – एक वाचक, सातारा

उत्तर : पाठ करू नका. पाठांतराचा सूर परीक्षकाला लगेच कळतो आणि पुढचा प्रश्न वेगळा आला की गाडी अडते. बोलण्याच्या परीक्षेच्या पहिल्या भागात चार-पाच मिनिटांत बरेच प्रश्न होतात, त्यामुळे निबंध नको. दोन-तीन वाक्यं पुरतात. होय किंवा नाही, मग एक ठोस तपशील, जमल्यास कारण.

तपशील तुमच्याकडे आहेतच. तासावर भाड्याने घेतलेली सायकल, सीटवरून पाय पोचत नाही म्हणून दांडीखालून पाय घालून मारलेलं अर्धं पायडल, कॅरिअर धरून मागे धावणारा दादा. अर्ध्या पायडलला इंग्रजी शब्द शोधत थांबू नका, कृती सांगा. (परीक्षकालाही यात नमुना उत्तरापेक्षा जास्त रस वाटेल.) सायकल नव्हतीच? तसं सांगा, कोणाची मागून आणायचात तेही सांगा. गुण भाषेला असतात, सायकलच्या मालकीला नाही.

आपली मुलं घसरतात ती काळात. नेहमीची सवय ‘यूज्ड टू’ने सांगा, एकदाच घडलेली गोष्ट साध्या भूतकाळात, ‘आय वॉज हॅविंग अ सायकल’ टाळा. रोज एक उत्तर मोबाइलवर रेकॉर्ड करून फक्त क्रियापदं तपासा. उच्चारांची काळजी सध्या बाजूला ठेवा.