दीर्घकालीन औषधांचा घरातील साठा : कल्पानुसार विचार

आमवात, संधिवात, ग्रहणी, मधुमेह, उच्च रक्तदाब अशा जुनाट विकारांत रुग्ण महिनोन्महिने औषध घेत असतो. द्रव्य, मात्रा, काल व अनुपान यांचा विचार वैद्य बारकाईने करतो. परंतु रुग्णाने एका वेळी किती औषध घरी न्यावे, हा निर्णय बहुधा रुग्णाच्या खिशावर आणि दुकानात उपलब्ध असलेल्या पॅकिंगवर सोपविला जातो. आमच्या मते हा निर्णय चिकित्सेचाच भाग आहे आणि तो वैद्यानेच घ्यावयास हवा.

सवीर्यतावधीचा विचार शार्ङ्गधराने पूर्वखंडाच्या पहिल्याच अध्यायात केला आहे. चूर्ण दोन महिन्यांनंतर हीनवीर्य होते, गुटिका व अवलेह वर्षानंतर. उलट आसव, धातू व रसकल्प जुने होतील तितके गुणवान. घृत-तैलांचा अवधी चार महिने मानावा की सोळा, याविषयी अर्थभेद आहेत. याउलट औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीतील नियम १६१-ब पाहिला, तर चूर्णास २ वर्षे, तैलास ३ वर्षे आणि आसवारिष्टास १० वर्षे मुदत दिलेली आढळते. दोन महिने कोठे आणि दोन वर्षे कोठे, असा प्रश्न आपल्या व्यवसायबंधूंकडून वारंवार विचारला जातो.

आमच्या समजुतीप्रमाणे येथे खरा विरोध नाही. छापील मुदत ही कारखान्यातून मोहोरबंद होऊन आलेल्या, आर्द्रतेपासून सुरक्षित अशा पॅकिंगची आहे. डबा उघडला, त्यात ओला चमचा गेला, तो स्वयंपाकघरात शेगडीजवळ ठेवला, की त्या तारखेचा आधार संपतो. तेथून पुढे शार्ङ्गधराचे दोन महिने हीच व्यवहार्य मर्यादा मानावी. त्रिफळा चूर्ण रोज रात्री ५ ग्रॅम घेणाऱ्यास महिन्याला १५० ग्रॅम लागते. स्वस्त पडतो म्हणून त्याने ५०० ग्रॅमचा डबा नेला, तर तो १०० दिवस पुरतो. म्हणजे शेवटचे ४० दिवस तो जे घेतो ते नावापुरतेच त्रिफळा. मग वैद्याकडे येऊन “पूर्वी गुण यायचा, आता येत नाही” अशी तक्रार करतो आणि वैद्य मात्रा वाढवितो! लवणभास्करासारखी क्षार-लवणयुक्त व अविपत्तिकरासारखी शर्करायुक्त चूर्णे तर कोकणातील पावसाळ्यात पाहता पाहता गोळा होतात. आषाढ ते भाद्रपद या काळात अशी चूर्णे पंधरा दिवसांपेक्षा अधिक देऊ नयेत.

चिकित्सालयात पुड्या बांधून देण्याची आपली पद्धत येथे विशेष विचारात घ्यावी लागेल. मोठ्या डब्यातून पुडी बांधली की बॅच क्रमांक व मुदत दोन्ही डब्यावरच राहतात. रुग्णाच्या हाती केवळ कागद पडतो. पुडीवर कल्पाचे नाव, बांधल्याची तारीख आणि किती दिवसांत संपवावी एवढे लिहिण्यास अर्धे मिनिट लागते.

आसवारिष्टांत प्रश्न टिकण्याचा नसून पुरण्याचा आहे. २० मिलि दोन वेळा घेणाऱ्यास ४५० मिलिची बाटली जेमतेम ११ दिवस जाते. महिन्याचे औषध म्हणून एकच बाटली नेणारा रुग्ण उरलेले दिवस औषधाविना काढतो व तसे सांगतही नाही. वट्यांचा साठा तीन महिन्यांचा असण्यास हरकत नाही. मात्र फार जुन्या वट्या दगडासारख्या कठीण होतात व न विरघळता मलावाटे पडतात, हे रुग्ण स्वतःच सांगतात. मुलांकडे परदेशी सहा महिने राहावयास जाणाऱ्या ज्येष्ठांस आम्ही म्हणूनच चूर्णाऐवजी शक्यतो वटी लिहून देतो. रसौषधी न्यावयाची असल्यास त्या देशाचे नियम आधी पाहणे इष्ट.

वत्सनाभ, कुचला, भल्लातक अशी परिशिष्ट ई (१) मधील द्रव्ये असलेल्या कल्पांस वेगळा नियम हवा. रसकल्प जुना झाला तरी बिघडत नाही, या कारणास्तव त्रिभुवनकीर्ती किंवा विषतिंदुक वटीचा साठा घरात ठेवणे धोक्याचे आहे. घरातील लहान मुले, तसेच शेजाऱ्यास दोन गोळ्या देण्याची आपली उदार सवय, या दोहोंमुळे पंधरा दिवसांपलीकडे हे कल्प देऊ नयेत.

आता सर्वांत नाजूक मुद्दा. आपल्याकडे येणारे अनेक रुग्ण आधुनिक औषधेही घेत असतात. त्यांची आधुनिक औषधे संपतात, आणि “आता आयुर्वेद सुरू केलाच आहे” म्हणून ती पुन्हा आणली जात नाहीत. अपस्माराची औषधे अशी तुटली तर झटके उलटतात; काही आठवडे घेतलेले स्टेरॉइड एकाएकी थांबले तर प्राणावर बेतू शकते; प्रोप्रॅनोलॉल, क्लोनिडीन यांचेही तसेच. इन्सुलिनबाबत तर बोलावयास नको. म्हणून पहिल्याच भेटीत या औषधांचा किती दिवसांचा साठा शिल्लक आहे, हे विचारून केसपेपरवर नोंदवावे. मात्रा कमी करणे हा मूळ चिकित्सकाच्या सल्ल्याने करावयाचा विषय आहे. साठा संपल्याने ती परस्पर कमी होऊ नये.

किती ठेवावा? चालू महिना आणि वर पंधरा दिवसांची शिल्लक, एवढे प्रमाण आम्ही सुचवितो. शिल्लक पंधरा दिवसांवर आली की नवीन औषध आणावे व जुने आधी संपवावे. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीच्या महापुराने रस्ते अनेक दिवस बंद होते. मार्च २०२० च्या टाळेबंदीत औषधांची दुकाने उघडी असूनही वाहतुकीअभावी माल सर्वत्र वेळेवर पोहोचत नव्हता. पूरप्रवण गावांतील रुग्णांनी पावसाळ्यापूर्वी ही शिल्लक महिन्याची करावी. इन्सुलिन न उघडलेले असेल तर २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात, गोठू न देता ठेवावे. वापरात असलेले साधारण चार आठवड्यांत संपवावे. विदर्भातील उन्हाळ्यात ते उघड्यावर मुळीच ठेवू नये.

औषधविक्रेत्या बंधूंस एक विनंती आहे. लवकर मुदत संपणारा माल आधी विकण्याची आपली रीत योग्यच आहे. परंतु दोन महिन्यांत मुदत संपणाऱ्या डब्या तीन महिन्यांचे औषध नेणाऱ्या रुग्णास देऊ नयेत. त्या पंधरा दिवसांचे औषध मागणाऱ्यासाठी बाजूला ठेवाव्यात, आणि बिलावर मुदतीची तारीख स्पष्ट वाचता येईल अशी लिहावी.