लघुउद्योगासाठी इंटरनेट जोडणीची निवड

प्रस्तावना

चंदीगडहून अंबाल्याकडे जाणाऱ्या महामार्गावर, पंजाबच्या मोहाली जिल्ह्यात, डेराबस्सी हे औद्योगिक नगर वसले आहे. औषधे, रसायने व कापड यांचे कारखाने येथे आहेत. समजा, येथील एका लहान कारखान्याला यंत्राचे सुटे भाग पुण्याच्या ग्राहकाकडे पाठवायचे आहेत. परराज्यात जाणाऱ्या मालाची किंमत ५०,००० रुपयांहून अधिक असल्यास सामान्यतः ट्रक निघण्यापूर्वी ई-वे बिल काढावे लागते. ही पद्धत १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य वाहतुकीस लागू झाली. ऐन वेळी इंटरनेट बंद पडले, तर भरलेला ट्रक फाटकातच खोळंबतो. म्हणून जोडणी निवडताना केवळ मासिक दर पाहून भागत नाही. आणखी काय पाहावे, याचा विचार या पाठात आपण करू.

१. वेगाचा अर्थ

जाहिरातीत वेग मेगाबिटमध्ये सांगतात. फाइलचा आकार मात्र मेगाबाइटमध्ये मोजतात. आठ बिट मिळून एक बाइट होतो. म्हणजेच ५० मेगाबाइटची फाइल ४०० मेगाबिटची असते. पाठविण्याचा वेग सेकंदाला २ मेगाबिट असेल, तर तिला किमान २०० सेकंद लागतील. २० मेगाबिट असेल, तर २० सेकंद पुरतील. पुष्कळ जोडण्यांमध्ये माहिती उतरवून घेण्याचा वेग अधिक व पाठविण्याचा कमी असतो. कारखान्याला आराखडे व हिशेब पाठवावे लागतात. यास्तव दोन्ही वेग विचारून घ्यावेत.

२. जोडणीचे प्रकार

प्रकाशतंतूच्या, म्हणजे फायबरच्या, जोडणीत माहिती प्रकाशाच्या रूपाने वाहते. त्यामुळे यंत्रांच्या विद्युत गोंगाटाचा तिच्यावर परिणाम होत नाही. या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांपैकी एक, नरिंदरसिंग कपानी, यांचा जन्म १९२६ साली पंजाबातील मोगा येथे झाला. २०२१ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले.

साधी ब्रॉडबँड जोडणी अनेक ग्राहकांत वाटली जाते. त्यामुळे गर्दीच्या वेळी वेग मंदावू शकतो. लीज्ड लाइन एकाच ग्राहकासाठी राखीव असते व तिचा वेग स्थिर राहतो. परंतु ती महाग पडते. मोबाइलवरील जोडणी तातडीच्या प्रसंगी उपयोगी पडते.

३. निवडीपूर्वीची चौकशी

प्रथम आपल्या कामांची यादी करावी. शेजारच्या कारखानदारांना त्यांचा अनुभव विचारावा. बिघाड किती तासांत दुरुस्त होईल, हे लेखी घ्यावे. दुसरी जोडणी घेतल्यास ती वेगळ्या कंपनीची व वेगळ्या मार्गाने आलेली असावी. अन्यथा रस्त्याच्या एकाच खोदकामात दोन्ही तारा तुटतील. वीज गेल्यास राउटर बंद पडतो. त्यासाठी यूपीएस ठेवावा. तक्रार कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवावा. तेथे समाधान न झाल्यास कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते.

स्वस्त जोडणी नेहमी वाईट नसते आणि महाग जोडणी नेहमी आवश्यक नसते. काम एक दिवस थांबल्यास किती नुकसान होईल, हे आधी मोजावे. मग दर पाहावेत.

पाठगत प्रश्न

१. १० मेगाबाइटची फाइल सेकंदाला ४ मेगाबिट वेगाने पाठविण्यास किमान किती वेळ लागेल?
२. दुसरी जोडणी वेगळ्या मार्गाने आलेली का असावी?
३. तुमच्या परिसरातील एका दुकानाला कोणती जोडणी योग्य ठरेल? कारणे लिहा.