आधी स्क्रू तपासा, मग हात

वाकोल्याहून वरळीच्या नेमबाजी रेंजवर जायचं म्हणजे वांद्र्यापर्यंत रिक्षा, पुढे टॅक्सी. त्या दिवशी निवडस्पर्धा होती. आदल्या रात्री मी एअर रायफलची रेल पुसायला मागची पीप साइट (बारीक छिद्रातून नेम धरायचं साधन) काढली आणि परत बसवली. दोन स्क्रूंपैकी पहिला एका दमात आवळला. दुसरा फिरेना, म्हणून तोही बसला असं धरलं.

साइटर, म्हणजे सुरुवातीचे सरावाचे शॉट मधोमध पडले. स्पर्धेच्या ६० शॉटपैकी पंधराएक झाले आणि छर्रे डावीकडे जाऊ लागले. साइट दोन क्लिक उजवीकडे घेतली. थोडा वेळ बरं चाललं, मग पुन्हा डावीकडे. श्वास चुकतोय, ट्रिगर झटकतोय, कोपर सरकतंय. दोष मी स्वतःतच शोधत राहिलो. ७५ मिनिटं संपली, निवड हुकली. घरी येऊन साइट चिमटीत धरली, तर ती किंचित हलली.

किंचित म्हणजे किती? पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये साधारण ७० सेंटिमीटर अंतर असतं, टार्गेट १० मीटरवर. मागची साइट ०.१ मिलिमीटर सरकली, तर छर्रा जवळपास दीड मिलिमीटर सरकतो. दहाचा ठिपका असतो अवघा अर्ध्या मिलिमीटरचा. म्हणजे एका शॉटमागे अर्धा गुण जाऊ शकतो. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफलचं कांस्यपदक जिंकलं, तेही दुर्बिणीशिवाय, पीप साइटवरच. ती साइट रेलला धरून ठेवतात दोन छोटे स्क्रू.

रागाच्या भरात मी दुसरी चूक केली. किल्लीला पाइप लावून स्क्रू आवळले आणि एकाचे आटे गेले. वाकोल्यातल्या एका लेथवाल्या काकांनी ते दुरुस्त करताना मला समजावलं, "एकच बाजू आधी आवळलीस, तर पकडीची पट्टी तिरकी बसते. मग दुसरा स्क्रू घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण धरत काहीच नाही."

तेव्हापासून मी असं करतो, तुम्हीही करा.

रायफल रिकामी आहे याची खात्री करा, सेफ्टी फ्लॅग घाला. रेल आणि साइटची पकड कोरड्या फडक्याने पुसा. तिथे तेल राहिलं की पकड घसरते. दोन्ही स्क्रू आधी बोटांनीच फिरवा. मग ॲलन कीने आळीपाळीने पाव-पाव फेरा द्या. किल्लीचा लांब दांडा स्क्रूत घालून आखूड दांड्याने फिरवा, म्हणजे जोर आपोआप बेताचा लागतो. किल्ली झिजलेली असेल तर नवी घ्या.

दुर्बीण बसवणाऱ्यांनी रिंगचे स्क्रू तिरपे, समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत आणि दोन्ही बाजूंची फट सारखी ठेवावी. तिथे टॉर्क रेंच वापरा आणि माहितीपत्रकातला आकडा पाळा. जास्त आवळलं तर नळी दबते.

शेवटी स्क्रूच्या डोक्यावरून पकडीवर पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढा. वीसेक शॉटनंतर आणि प्रत्येक प्रवासानंतर ती जुळलेली आहे का बघा. आपल्या रस्त्यांवर रिक्षाचे हादरे कमी नसतात.

आता पेटी उघडली की मी आधी ती रेघ बघतो. रेघ जुळलेली असली की छर्रा कुठेही जावो, सुधारायचा आहे तो माझाच हात, हे मला ठाऊक असतं.