कोरा बाण कोणाच्या हाती?

आज ज्या देशास सौदी अरेबिया म्हणतात, तेथे इस्लामपूर्व काळी ‘मैसिर’ नावाचा जुगार चाले. उंट कापून त्याच्या मांसाचे वाटे करीत व दहा बाण एकेक करून काढीत. सात बाणांस वाटा मिळे, तीन कोरे असत. कोरा बाण येई त्याने उंटाची किंमत भरावयाची. जिंकणारा पुष्कळदा ते मांस गोरगरिबांस वाटी, त्यामुळे हा खेळ दानधर्मासारखाच वाटे!

कुराणाने (२:२१९) यात लोकांचा काही लाभ आहे हे नाकारले नाही. पाप लाभाहून मोठे आहे, असे सांगितले. पुढे (५:९०) पूर्ण मनाई झाली. आमच्या मिश्नाने (सेन्हेद्रीन ३:३) तर फासे खेळणाऱ्याची साक्षही अग्राह्य ठरविली. जगाच्या उभारणीस त्याचा हात लागत नाही, असे एक कारण तालमुदात दिले आहे.

आजचे धंदेवाले उंटाच्या मांसाचीच भाषा बोलतात: सरकारला कर, तरुणांना नोकऱ्या, पर्यटन. महाराष्ट्राने १९६९ साली सरकारी लॉटरी काढली. गोव्याने १९९२ साली मोठ्या हॉटेलांत जुगाराच्या यंत्रांना मुभा दिली. सौदीत बंदी कायम आहे, पण शेजारच्या अमिरातीत २०२४ साली कसिनोला परवाना मिळाला. मांसाचा हिशेब सगळे देतात, कोऱ्या बाणाचा कोणी देत नाही.

तो स्त्रीच्या हाती आला तर? अभ्यासकांना असे आढळले आहे की स्त्रिया पुरुषांपेक्षा उशिरा खेळू लागतात, परंतु लवकर अडकतात. पुष्कळ जणी पैशाच्या लोभाने नव्हे, तर एकटेपणा व काळजी विसरण्यासाठी खेळतात. मोबाईलवर खेळावयास सोबतीही लागत नाही.

आमच्या कोकणातील कितीतरी घरचे पुरुष जेद्दा-दम्मामला नोकरीस आहेत आणि त्यांनी धाडलेला पैसा पत्नी एकटी सांभाळते. अशी एखादी बाई यात सापडली तर ती कोणाजवळ बोलणार? पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ भारतातही २०२५ च्या कायद्याने बंद झाले. बंदी हवीच, असे आमचे मत आहे. परंतु जेथे खेळावर बंदीही आणि तो पापही, तेथे मदत मागणे म्हणजे कबुलीजबाबच होतो. सौदीतील स्त्रीची अडचण याहून निराळी कशी असेल?

म्हणून ज्या भगिनी अशा घरी जातील त्यांनी पहिल्याच भेटीत दागिन्यांचा हिशेब विचारू नये. चहा घ्यावा, मुलांची चौकशी करावी आणि पुन्हा जावे.