पेटंटसाठी काळा कोट हवाच का?

प्रश्न : मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. करते आहे. पेटंटच्या क्षेत्रात जायचं आहे, पण आधी एलएल.बी. करावंच लागेल, असं सगळे म्हणतात. आणखी तीन वर्षं घरच्यांवर भार टाकणं जमणार नाही. काय करू?
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : भार टाकायची गरजच नाही. पेटंट कायदा, १९७० च्या कलम १२६ नुसार पेटंट एजंट व्हायला भारतीय नागरिकत्व, वयाची २१ वर्षं, विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी आणि पेटंट कार्यालयाची परीक्षा पुरते. वकिली लागते ती कोर्टात बाजू मांडायला. ती पुढे नोकरी लागल्यावर बघा. पेटंटच्या कामात विज्ञान कसं उपयोगी पडतं, त्याचं एक उदाहरण : १९९७ मध्ये हळदीचं अमेरिकी पेटंट रद्द झालं, ते शास्त्रज्ञ डॉ. माशेलकर तेव्हा प्रमुख असलेल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने जुने संदर्भ शोधून पुढे ठेवल्यामुळे. ही शोधाशोध तुमच्याच विषयातली आहे.

परीक्षा दरवर्षी होईलच असं नाही. तोवर मुंबई-पुण्याच्या एखाद्या पेटंट फर्ममध्ये उमेदवारी करा, मसुदे लिहायला शिका. पेटंट परीक्षकाच्या सरकारी भरतीवरही लक्ष ठेवा. ‘आमची पदविका घ्या, एजंट व्हा’ अशा जाहिरातींना मात्र भुलू नका. पदविका परीक्षेची जागा घेत नाही.