स्की पॅट्रोल: आधी स्वयंसेवक की थेट पगारी?

अमेरिकेत वाढणारी आपली मुलं हिवाळ्यात शाळेच्या क्लबबरोबर डोंगरावर जाऊ लागली की त्यातल्या एखाद्याला स्की पॅट्रोलचं वेड लागतं. लाल जॅकेट, त्यावर पांढरा क्रॉस, आणि उतारावर कुणी पडलं की सगळ्यांत आधी पोहोचणारी ही माणसं. ज्या आईबाबांनी स्वतः बर्फ पहिल्यांदा पंचविशीत पाहिला, त्यांच्या पोटात मात्र गोळा येतो. हा छंद म्हणायचा की नोकरी? फुकट राबायचं का? जिवाला धोका किती? कॉलेजचं काय?

माझं मत आधीच सांगून टाकते. कॉलेज चालू ठेवून दोन हंगाम स्वयंसेवक म्हणून काढावेत आणि पगारी नोकरीचा विचार त्यानंतर करावा.

ही सगळी व्यवस्थाच मुळात स्वयंसेवकांनी उभी केली आहे. १९३६ मध्ये व्हरमाँटमधल्या स्टोव्ह इथे मायनट डोल नावाच्या स्कीअरचा घोटा मोडला. मित्रांनी त्याला छपराच्या पत्र्यावर घालून खाली आणलं. त्याच्याजवळ थांबलेला मित्र फ्रँक एडसन पुढे काही आठवड्यांतच एका शर्यतीत अपघात होऊन मरण पावला. डोलने ही गोष्ट मनावर घेतली आणि १९३८ मध्ये नॅशनल स्की पॅट्रोल सुरू झालं. आजही पूर्वेकडच्या आणि मिडवेस्टच्या लहान डोंगरांवर शनिवार-रविवारची मदार मोठ्या प्रमाणात स्वयंसेवकांवरच असते. म्हणून ‘फुकटचं काम म्हणजे दुय्यम काम’ हा समज पालकांनी सोडावा. सह्याद्रीत ट्रेकर दरीत पडला की लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांचे कार्यकर्ते हातातलं काम टाकून दोर घेऊन निघतात. त्यांच्या कामाला कच्चं म्हणायची कुणाची हिंमत आहे?

स्वयंसेवकालाही शिक्षणात सूट मिळत नाही. आउटडोअर इमर्जन्सी केअर, म्हणजे ओईसी, हा साधारण ऐंशी ते शंभरहून अधिक तासांचा अभ्यासक्रम आहे. शिवाय सीपीआरचं प्रमाणपत्र लागतं आणि दर वर्षी हंगामाआधी उजळणी करावी लागते. निखळलेला खांदा कसा स्थिर करायचा, मांडीचं हाड मोडलं तर पाय कसा बांधायचा, मणक्याला इजा झाल्याचा संशय आला तर माणसाला न हलवता फळीवर कसं घ्यायचं, हे सगळं त्यात येतं. लेखी परीक्षा असते, प्रात्यक्षिकही असतं. मग बर्फावरचं प्रशिक्षण सुरू होतं. टोबॉगनचे, म्हणजे जखमीला खाली आणायच्या स्लेडचे, दांडे पुढून धरायचे, आडव्या स्कीवर घसरत ती आधी रिकामी आणि नंतर माणूस झोपवून खाली आणायची. तीव्र उतारावर दुसरा पॅट्रोलर मागून दोरी धरतो. पण दांडे ज्याच्या हातात, त्याचा पाय घसरून चालत नाही.

इथेच बऱ्याच मुलांची खरी ओळख पटते. ‘मी ब्लॅक डायमंड, म्हणजे अवघड उतार, उतरतो’ हे भांडवल पुरेसं नाही. वेगात सुंदर स्की करणारी पोरं कडक बर्फावर हळू, ताब्यात राहून उतरताना घामाघूम होतात. त्याहून मोठी कसोटी स्वभावाची. उणे पंधरा सेल्सिअसमध्ये हातमोजे काढून गुडघ्यावर बसायचं, समोर वेदनेने ओरडणारा लहान मुलगा, शेजारी घाबरून आपल्यावरच खेकसणारी त्याची आई, आणि आपण शांत आवाजात रेडिओवर स्लेड मागवायची. दिवस संपला की दमलेल्या पायांनी प्रत्येक उतारावरून ‘स्वीप’ करायचा, म्हणजे कुणी मागे राहिलं नाही याची खात्री करायची. ज्या मुलाला हे मनापासून आवडतं त्याला अडवू नये. ज्याला फक्त फुकटचा सीझन पास हवा आहे, त्याने पास विकत घ्यावा, तो स्वस्त पडेल. स्वयंसेवकाला सदस्यत्वाची वर्गणी, प्रशिक्षण, बूट-स्की यांचा बराचसा खर्च स्वतःच करावा लागतो आणि हंगामात ठरलेले दिवस हजेरी द्यावी लागते. थँक्सगिव्हिंग आणि नाताळची सुट्टी घरी मिळेलच असं नाही.

पगारी पॅट्रोलचं जग वेगळं आहे. युटा, कोलोरॅडो, कॅलिफोर्नियाच्या मोठ्या डोंगरांवर कामाला पहाटेच सुरुवात होते. रात्री बर्फ पडला असेल तर लोक येण्याआधी स्फोटकं लावून हिमस्खलन मुद्दाम घडवून आणतात, म्हणजे पुढचे उतार सुरक्षित होतात. हे शास्त्रही आहे आणि धोकाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॅमथ माउंटनवर हेच काम करताना दोन पॅट्रोलर हिमस्खलनात सापडले आणि त्यातल्या एकीचा मृत्यू झाला. पालकांची भीती खोटी नाही, मुलांनी ती हसण्यावारी नेऊ नये. छोट्या टेकडीवरचा स्वयंसेवक सहसा या कामाच्या जवळपासही नसतो, हेही पालकांनी लक्षात घ्यावं.

आता पैशाचं. २७ डिसेंबर २०२४ ला युटामधल्या पार्क सिटीचे सुमारे दोनशे पॅट्रोलर संपावर गेले. सुरुवातीचा पगार तासाला २१ डॉलर होता, त्यांची मागणी २३ ची होती. जानेवारीत करार होऊन ती मान्य झाली. २३ डॉलरने आठवड्याचे चाळीस तास आणि वीस आठवड्यांचा हंगाम धरला तर कर कापण्याआधी १८,४०० डॉलर होतात. स्की-गावांतली घरभाडी पाहता यावर वर्ष निघत नाही. म्हणून पगारी पॅट्रोलर उन्हाळ्यात वणवे विझवणाऱ्या तुकड्यांत, रुग्णवाहिकेवर किंवा बांधकामावर काम करतात. हे आयुष्य मनापासून निवडलेले लोक आहेत आणि मला त्यांच्याबद्दल नितांत आदर आहे. पण निवडताना वहीत जमाखर्च मांडलेला असावा.

मुलाला वैद्यकीय क्षेत्रात जायचं असेल तर पॅट्रोलमध्ये रुग्णाशी थेट संबंध येतो, हा मोठा फायदा. मात्र ओईसी म्हणजे ईएमटीचा (इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियनचा) परवाना नव्हे. पगारी पॅट्रोल किंवा रुग्णवाहिकेची नोकरी डोळ्यांसमोर असेल तर कॉलेजात असतानाच ईएमटीचा कोर्स करून ठेवावा. पॅरामेडिक, नर्सिंग, हिमस्खलनाचा अंदाज वर्तवणं, अशा वाटा पुढे तिथूनच फुटतात.

भारतातून एमएस करायला आलेल्यांसाठी वेगळी सूचना. एफ-१ व्हिसावर परवानगीशिवाय कॅम्पसबाहेर पगारी काम करता येत नाही. एरवी ज्या कामाला पगार मिळतो ते ‘मी फुकट करतो’ म्हटल्यानेही अडचण येऊ शकते. नाव नोंदवण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाकडून लेखी उत्तर घ्या, मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका. महाराष्ट्रातच राहून या क्षेत्राकडे पाहणाऱ्यांची वाट गुलमर्गची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनिअरिंग, मनालीची अटलबिहारी वाजपेयी संस्था आणि उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था यांच्या अभ्यासक्रमांतून जाते.

डोंगर निवडताना पॅट्रोल डायरेक्टरला स्पष्ट विचारा: हंगामात किती दिवस यावं लागेल, स्वयंसेवक जखमी झाला तर उपचाराचा खर्च कोण देतं, अठराखालच्यांसाठी तरुण पॅट्रोलरचा कार्यक्रम आहे का. विमा राज्याराज्यांत आणि डोंगराडोंगरांत बदलतो, म्हणून हा प्रश्न संकोच न करता विचारा. पहिल्या भेटीला आईबाबांनीही जावं आणि पॅट्रोलच्या खोलीत तासभर बसून काम पाहावं. ओईसीचे वर्ग बर्फ पडण्याच्या कितीतरी आधी, बहुतेक ठिकाणी उन्हाळ्याच्या शेवटी किंवा शरदात सुरू होतात. येत्या हिवाळ्यात उतरायचं असेल तर डायरेक्टरला ईमेल जुलैमध्येच जायला हवा.