बिरसी ते हैदराबाद: भागाकार कुठे चुकतो?

प्रश्न : बिरसी (गोंदियाचा विमानतळ) ते हैदराबाद सरळ अंतर सुमारे ५१५ किलोमीटर, एटीआर या पंख्याच्या विमानाचा वेग ताशी ५००. मग तिकिटावर तासापेक्षा बराच जास्त वेळ का दाखवतात?

उत्तर : कारण तो ताशी पाचशेचा वेग फक्त मधल्या टप्प्याचा. उंची गाठेपर्यंत एटीआर ताशी सव्वातीनशेच्या आसपासच चालतं. उतरण्याआधी पुन्हा वेग कमी, शिवाय हैदराबादसारख्या गजबजलेल्या विमानतळावर रांगेत यावं लागतं. तिकिटावरची वेळही विमान जागेवरून हललं ते पुन्हा जागेवर थांबलं, अशी मोजतात. धावपट्टीपर्यंतची रांगती चाल त्यातच आली. जेट असतं तर, असं कुणी म्हणेल. मधल्या साडेतीनशे किलोमीटरांत ताशी आठशेने जेमतेम सोळा मिनिटं वाचतील, आणि त्यासाठी गोंदियातून रोज दीडशेवर प्रवासी मिळवायचे! सत्तर-ऐंशी आसनांचं विमान इथे शहाणपणाचं. नागपूरहून जेट पकडणाऱ्यांनी आधी गोंदिया–नागपूर हा सुमारे १३० किलोमीटरचा रेल्वेप्रवास हिशेबात धरावा. बिरसी मात्र गोंदियापासून पाऊण तासाच्या आतच आहे.